पायऱ्यांच्या वरचा प्रिंटर

ताईंच्या टेबलाशेजारच्या प्रिंटरचा मूळ रंग कोणता होता, याबद्दल त्यांच्या ऑफिसात आजही एकमत नाही. साहेब पांढरा म्हणतात, हिशेब पाहणाऱ्या बाई राखाडी म्हणतात आणि स्वतः ताई म्हणतात, "रंग काय विचारता, आवाज विचारा!" आवाजाबद्दल मात्र दुमत नाही. कागद ओढून घेताना ते यंत्र असे काही टरटरे, की फोनवर बोलणारा माणूस पलीकडच्याला "एक मिनिट हं" म्हणून गप्प बसे. त्यावरून त्याचे नाव टरटरी पडले. टरटरीतून निघालेली जाड केबल थेट ताईंच्या संगणकात जाई. तिसऱ्या कुणाशी तिचा संबंध नसे. ताई आणि टरटरी यांचे आपसात जे काही चालते त्यात आपण पडू नये, असा ऑफिसाचा अलिखित नियम होता.

पुढचा मजकूर ताई, त्यांचे यजमान आणि ऑफिसातली माणसे यांना वेगवेगळे गाठून विचारलेल्या माहितीवर आधारलेला आहे. जिथे सांगण्यात फरक पडला तिथे तो तसाच ठेवला आहे. तो मिटवून गोष्ट गुळगुळीत करण्याचा मोह मोठा होता, हेही खरे.

ताई डेव्हलपर आहेत, म्हणजे संगणकाचे प्रोग्राम लिहितात. ऑफिसातल्या इतरांपेक्षा त्या वयाने पुष्कळ मोठ्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. ती शोधण्यासाठी रोज एकदा तरी सगळे टेबल उपसले जाते, आणि मग कुणीतरी मान वर न करता "ताई, डोक्यात" एवढेच म्हणते. कामाची त्यांची एक पद्धत आहे. प्रोग्राम लिहून झाला की तो त्या कागदावर छापून घेतात आणि पेन्सिल हातात धरून वाचतात; तेही उलटे, शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे.

याचे कारण त्यांनी मला असे सांगितले : "सुरुवातीपासून वाचलं ना, की आपण काय लिहायचं ठरवलं होतं तेच दिसतं. शेवटून वाचलं की काय लिहिलंय ते दिसतं."

मी हा दावा तपासून पाहिला. माझ्याच पुस्तकाचे एक प्रकरण शेवटून वाचले, आणि दुसऱ्याच पानावर थांबून ते फाडले.

ऑफिस दोन दालनांचे. इमारत पूर्वी नाचाच्या वर्गासाठी बांधली होती, असे घरमालक सांगतात. खालच्या दालनाच्या भिंतीवर उरलेल्या आरशांच्या चौकटी त्याला पुष्टी देतात. वरचे दालन म्हणजे वाद्ये वाजवणाऱ्यांचा उंच ओटा असावा. दोहोंच्या मध्ये अरुंद, उंच पायऱ्या आहेत, आणि त्यांना कठडा नाही. ताई खाली, खिडकीपाशी बसतात.

या पायऱ्यांकडे तोवर कुणाचे लक्ष गेले नव्हते. ताईंचे गेले होते, कारण त्यांचा उजवा गुडघा दुखू लागला होता.

यजमानांना ते आधी कळले. त्यांचे फोटोंना चौकटी करून देण्याचे दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर घर. एका सकाळी ताई जिन्यावरून आडव्या होऊन उतरत होत्या, तेव्हा ते खालून पाहत होते.

"अगं, खेकड्यासारखी काय उतरतेस?"

"अहो, फरशी ओली आहे."

"जिन्याची?"

दुकानाच्या दारात येऊन चपला घालताना ताई एवढेच म्हणाल्या, "ऑफिसात कुणाला बोलायचं नाही हं. शपथ आहे तुम्हाला."

शपथ घालण्याइतके त्यात काय होते, हे समजायला ऑफिसातली एक खुर्ची पाहावी लागते. वरच्या दालनात दाराशेजारी ती आहे. तिच्यावर एक भला माणूस बसत असे. त्याची पाठ धरली, तेव्हा सगळ्यांनी मायेने त्याला घरून काम करायला सांगितले. आधी त्याला रोज फोन होत, मग आठवड्याने, मग नुसती कामे जात. कुणी त्याला काढले नाही, कुणी वाईट वागले नाही. आता त्या खुर्चीवर छत्र्या ठेवतात. ताईंच्या मनात ती खुर्ची पक्की बसली होती. घरून काम म्हणजे खाली दिवसभर यजमानांची हातोडी आणि वर आपण एकट्या, आणि हळूहळू कुणाच्या लक्षातही नाही, हे चित्र त्यांना पुरते ओळखीचे झाले होते. "मला काम नको होतं असं नाही," त्या मला म्हणाल्या, "मला माणसांतलं काम हवं होतं."

अशा वेळी साहेबांनी प्रिंटरचा विषय काढला.

साहेब म्हणजे या ऑफिसचे प्रमुख. पण ते इथे आले तेव्हा ताईंचे शिकाऊ होते, आणि त्यांच्या पहिल्यावहिल्या प्रोग्रामवर ताईंनी इतक्या खुणा केल्या होत्या की खालचे अक्षर दिसत नव्हते. त्यामुळे चारचौघांत ताई त्यांना साहेब म्हणतात, पण क्रियापद एकेरीच लावतात. साहेब त्याला हरकत घेत नाहीत. घेऊन उपयोगही नसता.

प्रश्न खरा होता. चार टेबलांवर चार निरनिराळे प्रिंटर केबलने चार संगणकांना जोडलेले. एकाची शाई दुसऱ्याला चालत नसे, आणि ज्याच्याकडे प्रिंटर नाही त्याने ज्याच्याकडे आहे त्याचा संगणक सुरू होईपर्यंत ताटकळायचे. साहेबांचे म्हणणे होते, की सगळ्यांत मिळून एक मोठा प्रिंटर घ्यावा, तो कोणत्याही एका संगणकाला न जोडता ऑफिसच्या नेटवर्कला जोडावा, म्हणजे कुणीही कुठूनही छापू शकेल. जागाही त्यांनी ठरवली होती : वरच्या दालनात, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशेजारी.

ताईंनी त्या बैठकीत जो युक्तिवाद केला तो, ऐकणाऱ्यांच्या मते, त्यांच्या आयुष्यातला सर्वांत लांब होता.

"नेटवर्क बंद पडलं की? सगळे हात बांधून बसायचं?"

"ताई, नेटवर्क बंद पडलं तर तसेही सगळे हात बांधूनच बसतो आपण."

"रांग लागेल. कुणी दोनशे पानं सोडली की माझं एक पान त्याच्या मागे."

"नवं मशीन भराभर छापतं. दोन्ही बाजूंनी छापतं."

"मला दोन्ही बाजूंनी नको आहे. मी शेवटून वाचते, मला पानं टेबलावर पसरायला लागतात. आणि लाँड्रीच्या कामातल्या चिठ्ठ्यांची चाचणी? एक चिठ्ठी छापायची, बघायची, दोन अक्षरं सरकवायची, परत छापायची. ती हाताशीच हवी. केबल ती केबल, साहेब. ती इकडून निघते आणि तिकडे पोचते, मध्ये कुणाला विचारत नाही."

"ताई, तुम्ही टरटरीच्या प्रेमात आहात."

सगळे हसले. ताईही हसल्या. त्यांचा प्रत्येक मुद्दा रास्त होता, हे साहेब आज मान्य करतात. पण त्यांतला एकही खरा नव्हता. खरा मुद्दा टेबलाखाली होता, आणि त्यावर त्यांनी पदर ओढून घेतला होता.

निर्णय झाला. नवा प्रिंटर वर आला. टरटरी हिशेब पाहणाऱ्या बाईंकडे गेली, कारण पगाराच्या चिठ्ठ्या सगळ्यांच्या ट्रेमध्ये पडून राहिलेल्या चालत नाहीत, हे कुणालाही पटण्यासारखे होते. ताईंनी तिची केबल स्वतः गुंडाळून दिली. बाई सांगतात, की केबलला गाठ पडू नये म्हणून ताईंनी ती तीनदा सोडून परत गुंडाळली. ताई म्हणतात, एकदाच.

यानंतर ताईंनी एक युक्ती काढली. प्रत्येक पानासाठी पायऱ्या चढायच्या नाहीत. दिवसभराची सगळी पाने सकाळपासून सोडत राहायची आणि जेवणाच्या सुट्टीत, दालने रिकामी असताना, एकदाच वर जाऊन आणायची. चढताना एक हात भिंतीवर, आणि चेहरा असा, की जणू पाणीच प्यायला चालल्या आहेत. त्या दरम्यान त्यांची पाने ट्रेमध्ये इतरांच्या पानांखाली-वर पडून राहत. चिठ्ठ्यांची चाचणीही त्यांनी कागदावर करणे सोडले. चिठ्ठी पडद्यावर दिसली की पुरे.

आता त्या दिवसांत चाललेल्या कामाबद्दल थोडे सांगावे लागेल. एका मोठ्या लाँड्रीसाठी ऑफिस प्रोग्राम तयार करत होते, आणि त्याचे झालेले भाग तिथे वापरातही आले होते. हॉटेले, रुग्णालय, व्यायामशाळा असे तिचे ग्राहक. मळके कपडे आत घेतानाचा भाग लिहीत होती धाकटी. ऑफिसातली सर्वांत लहान डेव्हलपर म्हणून ती धाकटी. तिला काम शिकवले ताईंनीच, त्यामुळे तिचे लिखाण ओळीमागे ओळ ताईंच्या वळणाचे. धुतलेली गाठोडी कुणाला परत पाठवायची, त्याच्या चिठ्ठ्या छापणारा भाग ताईंचा होता.

डेव्हलपर लोकांत दोन पंथ आहेत. एक पंथ यादीतल्या पहिल्या वस्तूला एक म्हणतो, दुसरा शून्य. दोन्ही बरोबर आहेत. मात्र प्रोग्रामच्या एका भागात एकच पंथ पाळावा लागतो. ताईंच्या भागात पहिला ग्राहक एक होता. धाकटीच्या भागात पहिला ग्राहक शून्य होता; एवढे एकच वळण तिने, ताईंना न सांगता, स्वतःचे ठेवले होते. दोघींचेही आपापल्या जागी सुरळीत चालले होते.

त्या दिवशी ताई जी पाने घेऊन खाली आल्या त्यांत धाकटीचे एक पान मिसळले होते. प्रोग्रामच्या पानांवर लिहिणाऱ्याचे नाव नसते. ताई पुढून मागे वाचत असत्या तर धागा तुटलेला त्यांना पहिल्याच ओळीत कळला असता. पण त्या शेवटून वाचत होत्या, एकेक पान सुटे धरून. शिवाय वळण तर आपलेच. त्या पानावर त्यांना दिसले, की पहिला ग्राहक शून्य आहे.

"मी म्हटलं, हे कधी केलं मी?" ताई मला सांगत होत्या. "मग वाटलं, केलं असेल. वय झालं. गुडघ्याबरोबर डोकंही गेलं असेल."

त्यांनी आपल्या उरलेल्या पानांवर पेन्सिलीने नेटक्या खुणा केल्या, की ग्राहकाच्या क्रमांकातून एक वजा करावा, आणि संगणकात तशी दुरुस्ती केली. शून्यवाल्या पानावर काहीच बदलायचे नव्हते, म्हणून ते संगणकात शोधण्याचा प्रसंग आला नाही. एक बरोबर चाललेला प्रोग्राम अशा रीतीने अत्यंत काळजीपूर्वक बिघडवण्यात आला.

लाँड्रीच्या मालकांचा फोन साहेबांनी घेतला. तो खालच्या दालनापर्यंत ऐकू येत होता.

"अहो, रुग्णालयाचे हिरवे अंगरखे हॉटेलात गेलेत! अंघोळ करून आलेल्या पाहुण्याला वेटरने ऑपरेशनचा अंगरखा दिलाय हो! आणि रुग्णालयात काय गेलंय माहितीये? व्यायामशाळेचे टॉवेल. सर्जन विचारताहेत, आता आम्ही जोर काढू का?"

प्रत्येकाचे गाठोडे यादीतल्या आधीच्या ग्राहकाकडे गेले होते. पहिल्या ग्राहकाच्या आधी कुणीच नसल्यामुळे त्याचे गाठोडे बिननावाचे होऊन लाँड्रीच्या दारात बसून होते.

साहेब पायऱ्या उतरून खाली आले. "एकाचा फरक आहे. म्हणजे कुणीतरी शून्यापासून मोजलंय. शून्यापासून कोण मोजतं इथे?"

धाकटी उभी राहिली. "मी मोजते, सर. पण माझं माझ्याकडे ठीक चालतंय."

"ठीक चालतंय म्हणून हॉटेलात अंगरखे गेले?"

"नाही, म्हणजे..." ती संगणकाकडे वळली. "मी परत बघते, सर."

इथे ताईंपुढे दोन वाटा होत्या. धाकटीला परत बघू द्यायचे, आणि तिला काही सापडेपर्यंत गप्प राहायचे, ही एक. पाने त्यांच्या टेबलावरच पसरलेली होती; फोन ऐकता ऐकता त्यांनी ती या वेळी सरळ वाचली होती, आणि काय झाले ते त्यांना कळले होते.

"तिला नको बोलूस," ताई म्हणाल्या. "माझं आहे ते."

साहेबांना वाटले, ताई पाठीशी घालताहेत. "ताई, प्लीज. तुम्ही शून्यापासून मोजत नाही, हे मला पाठ आहे. माझी बोटं सोलून निघालीत त्यापायी."

"अरे, मी मोजत नाही. मी हिचं पान माझं समजून वाचलं आणि माझं बरोबर होतं ते चुकीचं करून ठेवलं. ट्रेमध्ये मिसळलं होतं."

"पण ट्रेमध्ये पानं मिसळतील इतका वेळ ठेवलीत कशाला? छापलं की लगेच आणायचं ना!"

हा प्रश्न साधा होता, आणि त्याला साधे उत्तर नव्हते. सगळ्यांना एवढे आठवते, की ताईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, टेबलावर ठेवली, आणि म्हणाल्या, "मला पायऱ्या चढवत नाहीत."

"गुडघा गेलाय. बरेच दिवस झाले. दिवसातून एकदा चढते, जेवणाच्या सुट्टीत, कुणी नसताना. म्हणून पानं साठतात. झालं?"

"ताई," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज शिकाऊ असतानाचा झाला, "मला सांगायचं नाही होय?"

"तुला सांगितलं असतं. तू साहेब झालास."

साहेब टेबलाच्या कडेवर टेकले. मग त्यांनी पूर्ण मायेने तेच वाक्य उच्चारले, जे ऐकावे लागू नये म्हणून ताई इतके दिवस भिंत धरून चढत होत्या. "मग तुम्ही घरून काम करा ना. टरटरी घरी नेऊन देतो. तुमची केबल, तुमचं टेबल, कुणाचा त्रास नाही."

ताईंचा चेहरा पडला. "त्यासाठी नाही बोलले रे मी," त्या म्हणाल्या. "मला त्या छत्र्यांच्या खुर्चीवर नको बसवूस."

साहेबांनी वळून वरच्या दालनाकडे, दाराशेजारी पाहिले. इतकी वर्षे तिथे छत्री ठेवणाऱ्यांत तेही होते. ते मला म्हणाले, "मी फक्त म्हटलं, ताई, मशीन वर असल्यामुळे..."

इथे पुढचे वाक्य कुणाचे, यावर तिघांचे तीन दावे आहेत. साहेबांच्या मते त्यांचे स्वतःचे, ताईंच्या मते ताईंचे, आणि धाकटीच्या मते दोघेही एकदमच बोलले आणि नंतर दोघेही एकदमच लाजले. वाक्य मात्र निर्विवाद आहे : "पण ते वर कशाला आहे?"

खरोखर, ते वर असण्याचे काही कारणच नव्हते. केबलचा प्रिंटर ज्या संगणकाचा, त्याच्याच पायाशी बांधलेला असतो. नेटवर्कच्या प्रिंटरला असा मालक नसतो. भिंतीत नेटवर्कची जोडणी आणि वीज असली की तो कुठेही बसतो, आणि याच गुणासाठी तर साहेबांनी तो घेतला होता. तशी जोडणी खिडकीखाली होती, ताईंच्या पायाजवळ. त्यांच्याच टेबलाच्या खणाने ती झाकली होती. केबल चांगली की नेटवर्क चांगले, यावर भर बैठकीत घसा कोरडा करणाऱ्या या जाणत्या मंडळींपैकी एकाच्याही डोक्यात, मशीन हलवता येते, हे आले नव्हते. वाद मशीनच्या जातीवर चालला होता. जागेबद्दल कुणी विचारलेच नाही.

मशीन उतरवायला चौघे लागले. ताई खालून सूचना देत होत्या, आणि त्यांतली एकही उपयोगाची नव्हती, असे चौघांचेही मत आहे. लाँड्रीचा प्रोग्राम ताईंनी पूर्ववत केला, चिठ्ठ्या कागदावर छापून टेबलावर ओळीने मांडल्या, आणि लाँड्रीच्या मालकांना फोन करून स्वतः माफी मागितली. ते म्हणाले, हॉटेलातल्या पाहुण्याला अंगरखा आवडला होता.

त्याच आठवड्यात ताईंनी आणखी एक छोटा प्रोग्राम लिहिला. आता या ऑफिसात छापलेल्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापणाऱ्याचे नाव आणि पानाचा क्रमांक येतो. क्रमांक एकपासून सुरू होतो. धाकटीने त्यावर तोंडी निषेध नोंदवला आहे.

यजमानांना या सगळ्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. ताई त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, पायऱ्या टाळा, सपाटीवर मात्र चालत राहा, बसून राहिलात तर गुडघा आखडेल.

"म्हणजे इतके दिवस तू भलतंच करत होतीस," यजमान म्हणाले. "चढायचं ते चढत होतीस आणि चालायचं ते बसत होतीस."

"अहो, शेवटून वाचत होते," ताई म्हणाल्या.

त्यामुळे खिडकीपाशी प्रिंटर येऊनही ताई काही स्वस्थ बसल्या नाहीत. आता सगळ्यांची पाने त्यांच्या कोपरापाशी पडतात, आणि समोर पडलेले पान न वाचणे त्यांना जमत नाही. माथ्यावरचे नाव बघून त्या ते त्याच्या टेबलावर स्वतः पोचवतात. पान पोचते तेव्हा त्यावर पेन्सिलीची एखादी खूण असतेच. धाकटी म्हणते, आपण मुद्दाम जास्त छापतो. इतरांनी असे मान्य केलेले नाही, पण कागदाचा खप वाढला आहे, असे हिशेब पाहणाऱ्या बाईंनी मला सांगितले.

मी शेवटचा त्या ऑफिसात गेलो तेव्हा साहेबांचे एक पान आले होते. साहेब वर बसतात. ताईंनी ते वाचले, पेन्सिल डोक्यातून काढली, एक ओळ खोडली, मग पान हातात घेऊन उठल्या आणि थेट पायऱ्यांपाशी जाऊन पहिल्या पायरीवर पाऊल ठेवले.

"ताई! पायऱ्या!" वरून साहेब ओरडले. "काम असेल तर मला हाक मारा म्हणून सांगितलंय ना!"

"कामासाठी येत नाहीये," ताई म्हणाल्या. "भांडायला येतेय."

साहेब खुर्ची मागे सारून, दोन दोन पायऱ्या एकदम टाकत खाली आले. भांडण खालीच झाले. साहेब हरले, पान घेऊन वर गेले, आणि जाता जाता त्या खुर्चीवरच्या छत्र्या त्यांनी उचलून जमिनीवर ठेवल्या.